कुणाचं उरलेलं?

फोनवर ‘डब्याची पिशवी’ किंवा ‘टिफिन बॅग’ असं मराठीत टाकलं, की पुढचा तासभर कुठे गेला कळत नाही. एकामागून एक व्हिडिओ येत राहतात. चेहरा बहुतेक वेळा दिसत नाही. दोन हात, हातात बांगड्या, खाली सतरंजी किंवा जुनं टेबल, त्यावर टेप, कात्री, खडू आणि कापडाचे तुकडे. मागून आवाज येतो, की मैत्रिणींनो, आज आपण उरलेल्या कापडापासून डब्याची सुंदर पिशवी शिवणार आहोत. दहा-बारा मिनिटांत पिशवी तयार होते, तीत डबा घालून दाखवला जातो, चेन ओढली जाते, आणि खाली ‘खूप छान ताई’ची माळ लागते.

या व्हिडिओंवर कुणी समीक्षा लिहीत नाही. वेब सिरीजवर लिहितात, स्टँडअपवर लिहितात, रॅपवर तर लिहितातच. पण घराघरांत बायका जे बघतात, थांबवून थांबवून, मागे नेऊन बघतात, आणि बघून हाताने काहीतरी बनवतात, त्याला ‘कंटेंट’ म्हणून आपण मोकळे होतो. मला हा प्रकार नीट वाचण्यासारखा वाटतो. आणि वाचताना त्यातल्या एका शब्दावर दर वेळी अडायला होतं. तो शब्द म्हणजे ‘उरलेलं’.

त्याआधी कौतुक, कारण ते मनापासून आहे. आज मराठीत तांत्रिक भाषा कुठे जिवंत आहे, असं कुणी विचारलं तर मी विद्यापीठाच्या परिभाषाकोशाकडे बोट दाखवणार नाही, या व्हिडिओंकडे दाखवेन. टीप, दाबटीप, कच्चा टाका, अस्तर, नेफा, नाडी, बूड, चुणी, उलट बाजू, सुलट बाजू. यातला एकही शब्द समितीने बनवलेला नाही. जिथे शब्द नव्हता तिथे ‘पायपिंग’, ‘फोम’, ‘रनर’ बिनधास्त घेतलेत आणि त्यांना मराठी प्रत्यय लावलेत. जुन्या शिंप्यांच्या तोंडी असलेला ‘मगजी’ हा शब्द मात्र पायपिंगने जवळपास संपवला, त्याचं थोडं वाईट वाटतं. कड दुमडून वर पट्टी बसवायची आणि कापडाचा उघडा काठ झाकायचा, हे काम तेच आहे. शब्द तेवढा परका झाला.

त्याहून मजेशीर आहे क्रियापद. जुन्या पाककृतींच्या पुस्तकांत ‘घालावे, ढवळावे, उतरवावे’ असायचं. कुणीतरी वरून, जरा अंतर राखून सांगतंय असा तो सूर. या व्हिडिओंत ‘करावे’ नाही, ‘करा’सुद्धा कमी. इथे सगळं ‘घ्यायचं’ असतं. कापून घ्यायचं, दुमडून घ्यायचं, टीप मारून घ्यायची, उलटवून घ्यायचं. हे ‘घेणं’ मराठीचं खास आहे. आपल्यासाठी, आपल्या सोयीने, आपल्या हाताने करून टाकायची गोष्ट. सांगणारी शिक्षिका होत नाही, शेजारी बसते. मला या सुराचं फार आकर्षण वाटतं. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईने शिष्यांपुढे उभं राहण्याऐवजी त्यांच्यात बसणं ही मराठी गद्यातली छोटी पण खरी घडामोड आहे.

या सुराची दुसरी बाजूही आहे. ‘घ्यायचं’मध्ये कर्ता नसतो. कुणी घ्यायचं? किती वेळ? पायमशीनवर की मोटरवर? वाक्यात ‘मी’ नाही, चित्रात चेहरा नाही, आणि उसवणं तर कधीच दिसत नाही. ज्याने एकदा तरी मशीनवर पिशवी शिवलीय त्याला ठाऊक आहे, की चेन बसवताना पहिल्यांदा ती उलटीच बसते आणि ब्लेड घेऊन टाका टाका उसवायला लागतो. व्हिडिओत हा अर्धा तास कापलेला असतो. कापडाची कात्री दिसते, संकलनाची दिसत नाही.

रूपाच्या दृष्टीने बघितलं तर या सगळ्या व्हिडिओंना एकच उत्कर्षबिंदू असतो, तो म्हणजे उलटवण्याचा क्षण. तोपर्यंत पडद्यावर जे असतं ते कुरूप असतं: टिपा बाहेर, धागे लोंबतायत, अस्तर वर. मग आतून बोटं घालून ती आख्खी वस्तू बाहेर ओढली जाते आणि एकदम पिशवी होते. त्याच्या आधीचं एक काम मला त्याहूनही आवडतं. खालच्या दोन कोपऱ्यांतून दीड-दोन इंचांचे चौकोन कापून टाकायचे आणि उघडी झालेली तोंडं आडवी जोडायची. सपाट कापडाला बूड येतं. भूमितीच्या तासाला घनाकृतीची घडण रेखाटून जे समजत नाही ते इथे अर्ध्या मिनिटात समजतं.

तरीही इथे एक तक्रार आहे. बहुतेक पिशव्या आयताकृती बुडाच्या असतात, कारण त्या प्लास्टिकच्या चौकोनी डब्यासाठी मनात धरलेल्या असतात. आपल्याकडचा डबा मात्र अजून बराचसा गोल आहे. स्टीलचा, दोन-तीन खणांचा, वर कडी असलेला. गोल डबा चौकोनी बुडात घातला की कोपरे रिकामे राहतात, आणि एसटीच्या पहिल्या गतिरोधकाला तो कलंडतो. आमटीचं काय होतं ते सांगायला नको. गोल डब्याला गोल बूड हवं, आणि ते अवघड नाही. सहा इंच व्यासाचा डबा असेल तर घेर जवळजवळ १९ इंच. शिवणीसाठी एक इंच आणि डबा सहज आत-बाहेर व्हावा म्हणून आणखी एक, म्हणजे २१ इंचांची पट्टी. बूड त्याच हिशोबाने डब्यापेक्षा जरा मोठं कापायचं. वर नेफा आणि नाडी. चेन नको, फोम नको. ही पिशवी व्हिडिओत क्वचित दिसते, कारण ती दिसायला साधी आहे.

आता ‘उरलेलं’. व्हिडिओच्या नावात हा शब्द असतो, पहिल्या वाक्यात असतो. दुसऱ्या मिनिटाला सामानाची यादी येते: अमुक बाय तमुक कॅनव्हास, तेवढाच फोम, अस्तरासाठी वॉटरप्रूफ कापड, मीटरभर चेन, दोन रनर, हँडलला निवार पट्टी, सजावटीला लेस. यातलं घरात काहीच उरलेलं नसतं, ते दुकानातून आणायचं असतं. उरलेलं असतं ते वरचं कापड, म्हणजे जे दिसतं तेवढं. टाकाऊपासून टिकाऊ हा मंत्र आपल्याला शाळेच्या कार्यानुभवात शिकवला. तिथेही आईसक्रीमच्या काड्यांचा शोपीस बनवायला मुलं काड्यांचं नवं पाकीट विकत आणायची. उरणं ही गोष्ट आधी घडावी लागते. ती विकत आणता येत नाही.

मी हे नगर जिल्ह्यातून लिहितोय. कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगर. इथे जेवण बांधून नेणं ही हौस कधीच नव्हती. कोरडवाहू जिल्हा, पाण्याच्या आणि कामाच्या मागे चालणारी माणसं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी लोणीला १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग कारखान्यांची रांगच लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटेच्या अंधारात भाकऱ्या थापते, बांधते आणि फडात जाते. तिच्या हातातली डब्याची पिशवी कशाची असते, हा प्रश्न मला त्या व्हिडिओंपुढे ठेवावासा वाटतो.

पिशवीच्या आधी फडकं होतं. जुन्या लुगड्याचं किंवा धोतराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. गरम बाजरीची भाकरी त्यात बांधली की वाफ कापड पितं, भाकरीला पाणी सुटत नाही. फोम आणि वॉटरप्रूफ अस्तराच्या पिशवीत, बंद डब्यात तीच भाकरी दुपारपर्यंत घामेजते. पातळ भाजीला अस्तर बरं, भाकरीला फडकंच बरं. दोन्हीला एकच पिशवी उत्तम म्हणणारा व्हिडिओ भाकरी खाणाऱ्याने केलेला नसावा.

ते फडकं मात्र कुणाचं होतं हे घरात सगळ्यांना माहीत असायचं. लुगड्याचं आयुष्य लांब असे. नगर, भिंगार, संगमनेर ही हातमागाची गावं. १८८४ च्या गॅझेटियरमध्ये लुगडी विणणं हा जिल्ह्यातला मोठा धंदा म्हणून नोंदलाय. हाताने विणलेलं ते कापड महाग पडे, म्हणून शेवटच्या धाग्यापर्यंत वापरत. आधी सणाला, मग रोज, मग मधे फाटलं की दंड घालून, म्हणजे दोन धड भाग जोडून. त्यानंतर त्याचं धडपं, फडकं, बाळाचं दुपटं, गोधडीचा थर आणि शेवटी पोतेरं. इतक्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला वेगळा शब्द. भाषेत इतके शब्द असण्याचं कारण एकच. कापड ‘उरत’ नव्हतं, ते खालच्या कामाला उतरत होतं.

दुसरी पिशवी शिंप्याची. तुमच्या आई-वडिलांना विचारा, आठवेल. पँटचं, शर्टाचं कापड शिंप्याकडे टाकायचं, आणि चांगला शिंपी शिवलेल्या कपड्यांसोबत उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवून द्यायचा. नगरच्या कापडबाजारातून आणलेल्या सुटिंगच्या कापडाची, मळकट राखाडी नाहीतर चॉकलेटी, हँडलवर दोनदा टीप मारलेली. ती आयुष्यभर टिकायची. घरातला डबा तिच्यातूनच जायचा. सौंदर्याच्या दृष्टीने तिच्यात काहीही नव्हतं, आणि तरी मी तिला या सगळ्या प्रकारातली श्रेष्ठ कृती मानतो, कारण ती पिशवी एक हिशोब होती. तू दिलेल्या कापडातलं मी काही ठेवून घेतलं नाही, हे शिंपी त्या पिशवीतून सांगायचा. शिंपी कापड मारतो ही म्हणण्यासारखी गोष्ट होती, म्हणून तर हा पुरावा हवा होता. उरलेलं गिऱ्हाइकाचं आहे, शिंप्याचं नाही, हे त्यात मान्य केलेलं होतं. तयार कपडे आले आणि पिशवी बंद झाली. आज आपल्या जीन्सच्या कापडातलं जे उरलं ते कुठल्या देशातल्या कुठल्या कारखान्याच्या फरशीवर पडलं, आपल्याला पत्ता नसतो.

तिसरी गोणीची. खताच्या, साखरेच्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या धुऊन, कापून, सुतळीने किंवा मशीनवर शिवून केलेली पिशवी ग्रामीण भागात सगळीकडे आहे. तीवर कंपनीचं नाव उलटं-तिरपं येतं, ‘युरिया’तला ‘यु’ शिवणीत जातो. ऊसतोडीच्या टोळीत डबे, पातेली, पाण्याच्या बाटल्या अशाच पिशव्यांतून जातात. हीसुद्धा उरलेल्यापासूनच बनली, आणि कुठून उरली ते तिच्यावर छापलेलं आहे. पण या पिशवीचा व्हिडिओ ‘सुंदर’ म्हणून येत नाही. सौंदर्याची मर्यादा नेमकी इथे दिसते. ब्लाउजच्या कापडाचं उरलेलं चालतं, खताचं चालत नाही. वर हे कापड नाहीच, विणलेलं प्लास्टिक आहे, असा पर्यावरणाचा आक्षेपही कुणी घेईल. तो बरोबर आहे. फक्त तो घेणाऱ्याने आपली ‘कापडी’ पिशवीही तपासावी. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाल्यावर दुकानदारांनी ज्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या हातात द्यायला सुरुवात केली त्या नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी ६० जीएसएमपेक्षा पातळ अशा पिशव्यांवर बंदी घातली, त्या अजूनही भाजीबाजारात ‘कापडी’ म्हणूनच मिळतात. गोणी निदान नाव बदलून फिरत नाही.

या तीन पिशव्यांच्या पाठोपाठ मराठी वाचकाला गोधडी आठवणार, आणि आठवायलाच हवी. पाथर्डी तालुक्यातले कवी कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शाळेच्या पाठ्यपुस्तकातून अनेकांनी वाचलीय. त्या कवितेची ताकद माझ्या मते तिच्या ओळखीत आहे. गोधडीतला तुकडा हा नुसता तुकडा नाही, तो घरातल्या कुणाचा तरी कपडा आहे, आणि कवी ती ओळख पटवत जातो. चिंधीला मालक आहे. या एका गोष्टीत ती कविता आजच्या शंभर व्हिडिओंच्या पुढे आहे. व्हिडिओतलं कापड अनाथ असतं. ‘माझ्याकडे हे कापड होतं’ एवढंच कळतं. ते मुलीच्या जुन्या फ्रॉकचं होतं, की सासूच्या साडीचं, की शेजारणीचा ब्लाउज शिवताना वाचलं, हे सांगितलं तर दहा सेकंद लागतील. ती दहा सेकंदं कुणी देत नाही.

मात्र ही कविता वर्गात ज्या पद्धतीने शिकवली जाते, आणि एकूण मराठीत गोधडीबद्दल जे लिहिलं जातं, त्याबद्दल मला एक भांडण मांडायचं आहे. गोधडी म्हटलं की ऊब, ऊब म्हटलं की माया, माया म्हटलं की आई. स्वाध्यायातला प्रश्नसुद्धा तसाच: गोधडीतून व्यक्त होणारी माया तुमच्या शब्दांत लिहा. किती दिवस लागतात, किती दोरा लागतो, कंबरेचं काय होतं, हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकात पाहिलेला नाही. उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीवर पसरलेल्या थरांवर बसून काठापासून मध्यापर्यंत धावदोरा घालत जाणं हे आठवड्यांचं काम असतं. गोधड्या शिवून देणाऱ्या बायका गावोगाव आहेत, त्या पैसे घेतात आणि भावावरून घासाघीसही होते. साहित्यातल्या गोधडीला मात्र मजुरी नसते. मायेचा उल्लेख आला की मजुरीचा विषय काढणं असभ्य वाटायला लागतं. डब्याच्या पिशवीचे व्हिडिओ हा वारसा न कळत पुढे चालवतात: उरलेलं कापड फुकट, आणि त्याच्यासोबत ते शिवणारीचा वेळही फुकट.

इथे जरा लांब, अमेरिकेत जाऊन येऊ. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर ‘जीज् बेंड’ नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत कापसाच्या मळ्यावर राबलेल्या कृष्णवर्णीय माणसांचे वंशज तिथे राहतात, आणि तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. पुढे सिअर्स या मोठ्या दुकान-साखळीकडून त्यांना कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं कंत्राट मिळालं. अभ्रे सिअर्सला गेले, कापून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायका घरी घेऊन गेल्या, आणि त्यांच्या गोधड्या झाल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या गोधड्या भिंतीवर लागल्या, आधुनिक चित्रकलेच्या शेजारी त्यांचं नाव घेतलं गेलं, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. २००७ मध्ये काही शिवणाऱ्या बायका कोर्टात गेल्या. आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी ती प्रकरणं मिटली.

हा इतिहास मला दोन कारणांसाठी लागतो. एक, त्या कॉर्डरॉयच्या गोधडीत उरलेल्याचा पत्ता शाबूत आहे. ते एका कंपनीच्या कंत्राटातून उरलं, हे बघणाऱ्याला माहीत असतं आणि त्यामुळे ती गोधडी नुसती रंगसंगती न राहता कामगारांच्या इतिहासाचा कागद होते. दोन, कौतुक आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं कितीही मिळालं तरी दुसरं आपोआप येत नाही. संग्रहालयाच्या भिंतीचं जे, तेच ‘खूप छान ताई’चं.

आपल्याकडे तर कौतुकाचीही अडचण आहे, कारण शब्दच गढूळ झालाय. ‘चिंधी’ हा शब्द आजच्या बोलण्यात शिवी आहे. चिंधीगिरी म्हणजे कंजूषपणा, हलकटपणा. दुसरीकडे द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला बांधलेली चिंधी आहेच, भरजरी वस्त्राची. या दोन टोकांमध्ये एक खरी मुलगी येते. सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी घरात चिंधी म्हणत, मुलगी नको होती म्हणून. नको असलेल्या लेकीसाठी मराठीला कापडाच्या तुकड्याचाच शब्द आठवावा, यात सगळं आलं. पुढे त्या अनाथ मुलांच्या माई झाल्या, २०२१ चा पद्मश्री मिळाला. सत्कारांच्या भाषणांत चिंधीची सिंधुताई झाली ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. तिला चिंधी म्हणणाऱ्यांचं काय, हे तिथे कुणी विचारत नाही.

मराठी घरातलं खरंखुरं ‘उरलेलं’ कुठलं, असं मला विचाराल तर मी कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे बोट दाखवेन. ओटीतले ब्लाउजपीस. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बस्त्याच्या वेळी, निघताना मिळालेले, जेमतेम पाऊण-एक मीटरचे, घाम न शोषणारे, एकदा धुतले की रंग सोडणारे. त्यांचा ब्लाउज कुणीच शिवत नाही. देणारीला माहीत असतं, घेणारीला माहीत असतं. ते इकडून आलेले तिकडे जातात, फक्त आपण दिलेला आपल्याकडेच परत येऊ नये एवढं लक्षात ठेवायचं. या ब्लाउजपीसांच्या डब्याच्या पिशव्या शिवण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, आणि हा त्या प्रकारातला सगळ्यात तल्लख भाग आहे. कारण इथे शिवणारी बाई, कदाचित न बोलता, एका प्रथेवर टिप्पणी करते. कुणालाच नको असलेली भेट ती फिरत्या चक्रातून बाहेर काढते आणि तिच्यात मुलाचा डबा घालते. कुणी हे एका वाक्यात म्हणून टाकलं असतं तर मी तो व्हिडिओ या वर्षातल्या चांगल्या मराठी लिखाणात धरला असता.

आता पैशांचं, कारण नगर जिल्ह्यात शिवणकामाचा विषय पैशांशिवाय पुरा होत नाही. मुलींना शिकवायचं तर शिवण शिकवा, हे इथे जुनं आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरात आहे; सिंथिया फॅरार यांच्या ज्या शाळेत सावित्रीबाई फुले अध्यापनाचं शिक्षण घ्यायला आल्या ती इथलीच. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनासोबत सुई-दोरा असेच. मुलीच्या हातातलं पुस्तक समाजाला खुपायचं, सुई खुपायची नाही. आजही सरकारी योजना महिलेकडे वळली की पहिलं शिलाई मशीन येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतही शिंपी आहेत, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. मशीन आलं, क्लास झाला, प्रमाणपत्र आलं. पुढे काम कुठून आणायचं? तिथे व्हिडिओ येतो आणि सांगतो, घरबसल्या टिफिन बॅग शिवा आणि कमवा.

करू या हिशोब. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागले तर तासाला ३९. अस्तर, फोम, चेन असलेली बरी पिशवी कापण्यापासून धागे कापण्यापर्यंत सवयीच्या हातालाही दीड-दोन तास घेते असं धरा. म्हणजे खडी फोडण्याच्या भावाने नुसती मजुरी ६० ते ८० रुपये. चेन, फोम, दोरा, वीज वेगळी. आता बचत गटाच्या स्टॉलवर उभं राहून ऐका. दीडशे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, “अहो ताई, उरलेल्या कापडाची तर आहे.”

हे वाक्य या सगळ्या प्रकाराचं खरं समीक्षण आहे, आणि ते व्हिडिओंनीच गिऱ्हाइकाला शिकवलंय. दहा-बारा मिनिटांत होते, उरलेल्यापासून होते, फुकटात होते, असं तुम्ही रोज सांगितल्यावर कुणी दीडशे का द्यावेत? ‘झटपट’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द थंबनेलवर ठळक पिवळ्या अक्षरांत लिहिले जातात आणि त्याची किंमत स्टॉलवर बसलेली दुसरी बाई भरते. म्हणून मला वाटतं, या व्हिडिओंत सौंदर्यदोष शोधायचा तर तो रंगसंगतीत किंवा लेसच्या अतिरेकात शोधू नये. तो घड्याळ न दाखवण्यात आहे. कोपऱ्यात एक घड्याळ ठेवा. पहिली टीप किती वाजता पडली, शेवटचा धागा किती वाजता कापला, मधे कितीदा उठावं लागलं, उसवलं किती. एवढं दिसलं तर ‘उरलेलं’ या शब्दाचा अर्थ जागेवर येईल: कापड उरलेलं होतं, दुपार उरलेली नव्हती.

असे व्हिडिओ नाहीतच असं नाही. कधी कधी आवाजामागे कुकरची शिट्टी ऐकू येते, कुणीतरी ‘मम्मी’ म्हणून हाक मारतं, हात थांबतात, ‘एक मिनिट हं’ असं ऐकू येतं आणि चित्र तुटतं. परत सुरू होतं तेव्हा उजेड बदललेला असतो. संकलनात राहून गेलेले हे तुकडे मला पिशवीपेक्षा जास्त आवडतात. त्यात बाई दिसते. चेहरा न दाखवता दिसते.

आणि एक छोटी गोष्ट, जी मी प्रत्येक व्हिडिओत शोधतो आणि सापडत नाही. पिशवी झाल्यावर खाली जे पडलेलं असतं त्याचं काय होतं? बुडाच्या कोपऱ्यांतून कापलेले ते चौकोन, पायपिंगचे शेपूट, फोमच्या कडा. जुन्या शिंप्याच्या दुकानात मशीनच्या पायाशी एक पोतं असायचं, चिंध्या त्यात पडायच्या. पोतं भरलं की त्या उशा-गाद्यांत भरायला जायच्या, नाहीतर गॅरेजवाला ग्रीसचे हात पुसायला न्यायचा. फोम चिकटलेल्या पॉलिस्टरचे तुकडे गादीवाला घेत नाही. व्हिडिओ संपतो तेव्हा कॅमेरा तयार पिशवीवर असतो, सतरंजी चौकटीच्या बाहेर गेलेली असते, आणि झाडूचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही.